मोरयाआधी मोजणी

प्रथम तारखा. आमच्या मंडळाचे इतिवृत्त सणावारांच्या हिशेबाने लिहिले जाते, म्हणून त्या तशाच देतो.

माघी गणेशजयंती : लालबागच्या आमच्या चाळीच्या मंडळाने वार्षिक सहल या वर्षी देवस्थानाऐवजी मालवणच्या समुद्रात, प्रवाळ पाहण्यास नेण्याचा ठराव केला. त्यानंतरची संकष्टी : बोटीची निवड झाली. होळीआधीचा रविवार : सदर बोट प्रस्तुत लेखकास भर समुद्रात, एका बोयास, म्हणजे बोट बांधण्यासाठी तरंगत ठेवलेल्या गोळ्यास, लटकलेल्या अवस्थेत सोडून किनाऱ्याकडे निघून गेली. गुढीपाडवा : माझे पहिले पत्र. अक्षय्य तृतीया : स्मरणपत्र. वटपौर्णिमा : सत्य बाहेर आले. आज दिवाळी आहे आणि जाहीर खुलासा अद्याप आलेला नाही.

आता जबाबदार व्यक्ती. एक, मंडळाचे कार्यवाह श्री. संजय सावंत. दोन, बोटीवरील प्रशिक्षक बबन. तीन, दुसऱ्या एका बोटीचे मालक दाजी. यांनी माझा जीव वाचवला, परंतु त्यांच्यावरील माझी तक्रार स्वतंत्र असून ती कायम आहे. चार, ती व्यक्ती, जिने मी पाण्यात असताना बोटीवरून ‘गणपती बाप्पा’ अशी आरोळी दिली.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतील अनुभव मागितले होते. निवृत्तीनंतरची सहल नोकरीत कशी बसते, असा आक्षेप ते घेतील. तो आधीच फेटाळतो. माझगावच्या एका कार्यालयात मी आयुष्यभर प्रवासी बोटींचा तपासनीस होतो, आणि जे मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत होऊ दिले नाही, ते माझ्याच बाबतीत झाले. यास नोकरीचा अनुभव म्हणू नये तर काय म्हणावे?

आमचे काम बाहेरच्यांना वाटते तितके दर्यावर्दी नव्हते. ठरलेल्या मुदतीत प्रत्येक प्रवासी बोट तपासायची. तळाच्या फळ्यांवर हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. चांगले लाकूड खणखणीत बोलते. कुजलेले लाकूड, उसने पैसे मागायला आलेल्या पाहुण्यासारखे, तोंडातल्या तोंडात पुटपुटते. मग पाणी उपसण्याचा पंप, आग विझवण्याचे नळकांडे, तरंगती जाकिटे, आणि शेवटी बोटीच्या कुशीवर ठळक रंगवलेला आकडा : इतकेच प्रवासी. त्या आकड्याविषयी बोटमालकांची श्रद्धा माझ्याहून निराळी होती. एकाने मला ऐकवले होते, “साहेब, तो आकडा बसलेल्यांचा. उभे राहणारे त्यात कसे धरणार?” दुसरे एक वयस्कर मालक दरवेळी बजावत, “माणसं मोजू नयेत साहेब, दृष्ट लागते.” मी म्हणे, दृष्ट मीठमोहऱ्यांनी उतरवता येते, बुडालेला माणूस वर काढायला त्याहून अधिक साहित्य लागते.

जाकिटांचे एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. एका बोटीवर मला एका जाकिटावर निळ्या शाईत ‘सुनंदा फक्त माझी’ असे लिहिलेले आढळले. मी ते नजरेआड केले. प्रेमास आमच्या नियमांत मनाई नव्हती. पुढच्याच तपासणीत, दुसऱ्या मालकाच्या बोटीवर, सुनंदा पुन्हा भेटली. तिसऱ्या बोटीवर भेटली तेव्हा मी मालकाला विचारले, “सुनंदाबाईंचा मुक्काम सध्या कोणाकडे?” गृहस्थ जराही ओशाळला नाही. म्हणाला, “साहेब, जाकिटं फिरती ठेवली की त्यांना वारा लागतो. एका जागी कुजतात.” त्यानंतर मी आदेश काढला की सर्व मालकांनी आपापली जाकिटे एकाच दिवशी, एकाच वेळी धक्क्यावर मांडावीत. त्या दिवशी धक्क्यावर जाकिटांपेक्षा सबबी अधिक आल्या होत्या.

परंतु ज्या प्रकरणाने मला माझा नियम दिला ते लग्नाचे. एक वऱ्हाड खाडीपलीकडे निघाले होते. बोट भरली, कोणीतरी “गणपती बाप्पा” म्हटले, सर्वांनी “मोरया” म्हटले आणि बोट सुटली. मी धक्क्यावर कागद चाळत उभा होतो. शेजारी एक तरुण धापा टाकत आला आणि पाण्याकडे बघत राहिला. डोक्याला मुंडावळ्या, हातात पानाची पुडी. “थांबवा ना!” तो म्हणाला. मी विचारले, “आपण कोण?” तो कळवळून म्हणाला, “अहो, लग्न माझं आहे!” बोट परत बोलावली तेव्हा मी वऱ्हाडाला फैलावर घेतले. मामा म्हणाले, आम्हाला वाटले तो खाली बसलाय. काका म्हणाले, आम्हाला वाटले तो पुढे गेलाय. करवली म्हणाली, “नवराच नाही असं कसं होईल, म्हणून कोणी बघितलंच नाही.”

त्या वाक्यात माझ्या सर्व नोकरीचे सार आहे. जो असणारच, त्याला कोणी मोजत नाही.

मराठी माणसांचे वाहन इंजिनावर चालत नाही, मोरयावर चालते, हेही मला त्या दिवशी कळले. एकदा मोरया झाले की कोणी काही विचारत नाही. विचारणे अपशकुन समजले जाते. म्हणून मी माझ्या हद्दीतल्या प्रत्येक बोटीवर एक वाक्य लिहवून घेतले : ‘मोरयाआधी मोजणी’. मालक हसत. परंतु लिहीत.

आता सहलीकडे वळतो. प्रवाळ म्हणजे नक्की काय, याबद्दल चाळीत बराच गोंधळ होता. तळमजल्यावरच्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून विचारले, “काका, तिथे पोवळं मिळेल का हो स्वस्तात? आमच्या मुलीला मंगळ आहे.” मी त्यांना सांगितले की आपल्या अंगठीतले पोवळे त्याच कुळातले असले तरी आपल्या समुद्रातील जिवंत प्रवाळ तोडणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा असून त्यामुळे मंगळ शांत होण्याऐवजी शनी मागे लागेल. त्यांचे समाधान झाले नाही, परंतु त्यांनी विषय सोडला.

बोट निवडण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपवले. अर्थात सोपवले नाही; मी घेतले. गटाने असल्या सफरीला जाणाऱ्यांसाठी येथे थोडे स्पष्टीकरण देणे माझे कर्तव्य आहे. बोट ठरवताना छायाचित्रे पाहू नयेत. समुद्र सर्वच छायाचित्रांत निळा असतो. तीन प्रश्न विचारावेत. माणसे पाण्यात उतरल्यावर बोटीवर लक्ष ठेवायला कोण राहतो? नांगर कोठे टाकता, वाळूत की प्रवाळावर, की कायमच्या बांधलेल्या बोयाला दोर लावता? आणि परत निघताना माणसे कशी मोजता?

मी तीन ठिकाणी दूरध्वनी केले. पहिले दाजी. त्यांच्या बोटीवर मोठ्याने गाणी आणि जेवणात सुरमईची थाळी होती. तिसऱ्या प्रश्नाला ते मोकळेपणाने हसले. “मोजूचा काय काकानू? माणसा दिसतत मां!” मी त्यांच्या नावापुढे ‘नापास’ लिहिले. दुसऱ्याने दुसऱ्याच प्रश्नावर दूरध्वनी ठेवला. तिसरा बबन. तो म्हणाला, “आमी जोडीनं मोजतो, काका. पाण्यात एकटा कोणी नाय जायचा. जोडीदार जोडीदाराला बघतो, आमी जोड्या मोजतो.” मी खुर्चीत सरळ झालो. इतके नेमके उत्तर मला नोकरीतही क्वचित मिळाले होते.

सभा मात्र संकष्टीला ठेवलेली होती आणि निम्मी चाळ उपाशी होती. उपाशी पोटी मतदान घेऊ नये, असा नियम घटनेत असायला हवा होता. सावंतांनी भिंतीवर दाजींच्या थाळीचे चित्र पाडले आणि सभागृहात जी शांतता पसरली ती आरतीलाही पसरत नाही. एकमताने दाजी. मी उभा राहून माझे लेखी भिन्नमत वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर सावंतांनी हात जोडले. “काका, तुमची बोट. तुमचीच बोट. चंद्रोदय व्हायला आला, आता बसा.”

माझी पत्नी कुमुद मागच्या रांगेत होती. घरी येताना ती एवढेच म्हणाली, “सुरमई बरी होती.”

होळीआधीच्या रविवारी सकाळी आम्ही बावीस माणसे बबनच्या बोटीत बसलो. पाण्याखाली खोल जाणारे तरुण निराळे. आमच्यासारख्यांनी जाकीट घालून, तोंडात श्वासाची नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहायचे होते. माझ्याकडे डॉक्टरांचा दाखला, बोटीच्या परवान्याची प्रत आणि कुमुदने लालबागच्या बाजारातून आणलेली पिवळीजर्द रबरी टोपी होती. रंग भडक असल्याचे मी म्हटले, तेव्हा ती म्हणाली होती, “असू दे. लांबून दिसेल.” तिला स्वतःला पाण्यात उतरायचे नव्हते. ती थर्मास आणि सर्वांच्या चपला सांभाळत बोटीवर बसणार होती.

येथे ती चूक झाली, जी फक्त आमच्याच माणसांकडून होऊ शकते. बबन ओरडला, “आपापला जोडीदार पकडा!” त्याच्या धंद्यात जोडीदार म्हणजे पाण्यात तुमच्याजवळ राहून तुमच्यावर नजर ठेवणारा कोणीही माणूस. आमच्या भाषेत जोडीदार एकच, लग्नातला. क्षणात सर्वांनी आपापले नवरे आणि बायका धरल्या. श्री. सावंत आणि त्यांच्या पत्नी रूपाली यांचे आदल्या दिवसापासून पंख्याच्या वेगावरून बोलणे बंद होते; तेही हात धरून उभे राहिले, एकमेकांच्या विरुद्ध दिशेला पाहत. चाळीच्या जिन्यावरून कधी एकत्र न उतरलेली जोडपी त्या दिवशी समुद्रात एकत्र उतरली.

मी उरलो. बबनने विचारले, “काका, तुमचा जोडीदार?”

“बोटीवर,” मी कुमुदकडे हात केला.

“बरां,” तो म्हणाला आणि वळला. जोडीदार बोटीवर, म्हणजे जोडी बोटीवर, असा त्याने हिशेब केला. मी शिडीने पाण्यात उतरलो तेव्हा मी त्याच्या मोजणीत नव्हतोच.

खाली जे दिसले त्याचे वर्णन करणे माझ्या लेखनशैलीत बसत नाही, तरी प्रयत्न करतो. भायखळ्याच्या बाजारातले फ्लॉवरचे गड्डे कोणी सोनेरी रंगाने रंगवून तळाशी मांडून ठेवावेत, तसे प्रवाळ होते. त्यांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांचे मासे ये-जा करत होते, अगदी शिस्तीत, एकमेकांना वाट देत. कोणालाही सूचना देण्याची गरज नव्हती. देता आलीही नसती, कारण तोंडात नळी होती. कित्येक वर्षांत प्रथमच मी कशावरही आक्षेप न घेता काही काळ नुसता पाहत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही, आणि माझ्यासारख्याने हे लिहावे यावरूनच काय ते समजावे.

त्या शांततेत वरून एक लोखंडी नांगर आला आणि थेट एका गड्ड्यावर बसला. तुकडे उडाले. मासे पळाले. मी डोके वर काढले. गाणी वाजत होती. दाजींची बोट!

मी नळी थुंकली आणि जवळच्या एका रिकाम्या बोयापर्यंत हातपाय मारत गेलो. एका हाताने बोया धरून दुसरा वर केला आणि दाजींना कायदा, त्याचे कलम आणि शिक्षा ऐकवू लागलो. दाजींनी आधी गाणी बंद केली. मग कठड्यावर रेलून ऐकू लागले. मी ओघात होतो. कायमचा बोया हाताशी असताना नांगर टाकणे हा निष्काळजीपणा नसून आळस आहे, या मुद्द्यावर मी आलो असताना ते म्हणाले,

“काकानू, तुमची होडी गेली.”

“विषय बदलू नका!”

“विषय नाय बदलूक. होडी गेली. ती बघा.”

मी मान वळवली. बबनची बोट किनाऱ्याकडे चालली होती. पाठीमागे पाण्यावर फेसाची सरळ रेघ होती आणि वाऱ्यावरून शेवटचे “रया” तेवढे ऐकू आले.

भीती वाटली काय, असे मला पुष्कळांनी विचारले. जाकीट चांगले होते, मी स्वतः शिवण तपासली होती. बुडण्याची भीती नव्हती. मला आठवला तो मुंडावळ्या बांधलेला, हातात पानाची पुडी घेतलेला तरुण. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होते, ते मला त्या बोयाला धरून नीट कळले. इतकी ओळखीची माणसे, आणि एकाच्याही लक्षात येऊ नये?

दाजींनी मला वर ओढून घेतले, टॉवेल दिला आणि आपल्या खलाशाला म्हणाले, “माणूस एक वाढलो रे आपलो.” मी थंडीने कुडकुडत असतानाही विचारले, “तुम्हाला कसे कळले? तुम्ही तर मोजत नाही.” ते म्हणाले, “मोजूचा काय? पिवळी टोपी दिसली मां!” मग त्यांनी मला सोलकढी दिली आणि सुरमईची थाळी पुढे ठेवली. मी दोन्हींचा स्वीकार केला. त्याचबरोबर, नांगराबाबतची तक्रार संबंधित कार्यालयाकडे जाणार असल्याची तोंडी सूचनाही दिली. “द्या, द्या,” दाजी म्हणाले. “आधी मासो खावा, थंड होतलो.” उपकार आणि गुन्हा ही दोन स्वतंत्र खाती आहेत. मासा उत्तम होता.

किनाऱ्यावर आमची मंडळी नारळपाणी पीत उभी होती. मी दुसऱ्या बोटीतून, गाण्यांच्या तालावर, टॉवेल गुंडाळून उतरलो तेव्हा काहींनी टाळ्या वाजवल्या. सावंत धावत आले. “काका, तुम्ही त्या बोटीत कधी बदली केलीत?” बबनने वाळूवरच माझे पाय धरले. “जोड्या बरोबर भरल्या हो काका, एक पण कमी नव्हती!” हे खरे होते. जोड्या बरोबर होत्या. कुमुदने थर्मासचे झाकण उघडले आणि चहा ओतला. “आलात? घ्या. गार झालाय थोडा.”

गुढीपाडव्याला मी मंडळास पत्र लिहून एकच प्रश्न विचारला : मोजणीआधी ‘गणपती बाप्पा’ कोणी म्हटले? उत्तर नाही. अक्षय्य तृतीयेच्या स्मरणपत्रावर सावंतांनी लेखी कळवले की मोरया सर्वांनी म्हटले असल्याने जबाबदारी सामुदायिक आहे. मी प्रत्युत्तरात दाखवून दिले की ‘मोरया’ सामुदायिक असते, ‘गणपती बाप्पा’ नेहमी एकटाच म्हणतो. त्यानंतर चाळीत मला पाहून लोक जिना बदलू लागले.

वटपौर्णिमेला कुमुद वडाची पूजा करून आली. हातात ताट, कपाळावर हळदकुंकू. मी तिसऱ्या पत्राचा मसुदा मोठ्याने वाचत होतो. तिने ताट ठेवले आणि पदराने घाम पुसत म्हटले, “अहो, पुरे करा आता. मीच म्हटलं होतं.”

मी चष्मा काढला. “काय म्हटलं होतंस?”

“गणपती बाप्पा. सगळे वर आले, बबन जोड्या मोजून नुसता उभा, बोट हलेना, ऊन कसलं लागत होतं! बबनने विचारलं, काकी, तुमचा जोडीदार? मी म्हटलं, इथेच आहे. मग म्हटलं गणपती बाप्पा.”

“अगं, पण मी पाण्यात होतो! मला मोजलं नाहीस?”

“तुम्हाला मोजायचं काय? ऐकू येत होतात ना!” ती म्हणाली. “भांडत होतात, म्हणजे सुखरूप होतात. मला वाटलं, दाजींच्या बोटीवर चढूनच भांडताय. भांडण संपलं की त्यांच्याबरोबर याल.”

सात जन्मांची मागणी अर्ध्या तासापूर्वी नोंदवून आलेल्या व्यक्तीचा हा जबाब आहे. मी तो तारखेसह लिहून घेतला. सही करण्यास तिने नकार दिला. उपासाचे साबुदाणा वडे तळायचे होते.

चौकशी पूर्ण व्हावी म्हणून मी दुसऱ्या दिवशी सौ. रूपाली सावंत यांना गाठले. त्या पाण्यातून लवकर वर येऊन कुमुदशेजारी बसल्या होत्या. मी विचारले, कुमुद त्या वेळी नेमके काय करत होती? त्यांनी आधी जिन्यात कोणी नाही ना, ते पाहिले. मग म्हणाल्या, “काका, खरं सांगू? तुम्ही नळी लावून गप्प होतात ना, तेवढा सगळा वेळ काकू जागच्या हलल्या नाहीत. मी चहा देत होते तर म्हणाल्या, थांब गं, मला बघू दे. त्या पिवळ्या टोपीवरून डोळा काढला नाही त्यांनी. हातात तुमची चप्पल घट्ट धरलेली. तुम्ही ओरडायला लागलात तेव्हा कुठे म्हणाल्या, हुश्श, आता ओत. आणि चप्पल खाली ठेवली.”

ही साक्ष मी नोंदवून घेतली आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती ऐकीव आहे आणि मूळ व्यक्तीकडून पुष्टी झाल्याखेरीज तिला किंमत नाही. सावंत, बबन आणि दाजी यांच्याविषयीचा माझा पत्रव्यवहार यथावकाश सुरू राहील. बबनच्या बोटीवर आता माझे जुने वाक्य रंगवले आहे. त्याने छायाचित्र पाठवले, अक्षर चांगले आहे.

माझी मागणी एवढीच. चौथ्या क्रमांकाची जबाबदार व्यक्ती हा अंक दुपारी जेवणानंतर आडवी होऊन वाचत असते, हे मला पक्के माहीत आहे. मी भांडत होतो म्हणून मला सुखरूप समजण्यात आले, हे मान्य. मी गप्प होतो तेव्हा काय समजण्यात आले होते, याचे उत्तर सदर व्यक्तीने मंडळाच्या पुढच्या सभेत, सर्वांसमोर, उभे राहून द्यावे. घरात दिलेले तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.